मासे-मटण थाळीचं हॉटेल खरंच चांगलं की नुसतंच गाजलेलं, हे ओळखायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की ऑनलाइन साडेचारच्या वर रेटिंग बघून घरच्या पाच जणांना घेऊन पुण्यातल्या एका मालवणी-कोल्हापुरी थाळीवाल्या हॉटेलात गेलात, तासभर बाहेर ताटकळलात, बिल तीन हजाराच्या वर गेलं आणि जेवण धड वाईट नाही धड चांगलंही नाही असं निघालं. मग तुमच्या लायनीतली माणसं हॉटेल पारखतात तरी कशी, जेवण, सर्व्हिस, वातावरण यात नेमकं काय बघतात?

माझं अख्खं आयुष्य या लायनीत गेलंय, आधी खानावळीच्या गल्ल्यावर, मग मोठ्या हॉटेलात वाढप्यांवरचा कॅप्टन, मग स्वतःचं थाळीचं हॉटेल आणि आता दुसऱ्यांची हॉटेलं उभी करून देतो, त्यामुळे बाहेर जेवायला निघालो की बायको आधीच बजावते की आज फक्त जेवायचं, तपासणी नको. ते काही जमत नाही.

पहिली गोष्ट, हॉटेल स्वतःला काय म्हणवतंय ते बघा आणि त्याच मापाने त्याला मोजा. बाकड्यावर बसवून स्टीलच्या ताटात दीडशे-दोनशेत अंडाकरी-भाकरी घालणाऱ्या खानावळीत एसी नाही म्हणून स्टार कापणारे लोक आणि आठशेची थाळी लावून भाकरी गार देणाऱ्याला 'ॲम्बियन्स मस्त' म्हणून पाच स्टार देणारे लोक, या दोघांनी मिळून रेटिंगची पार वाट लावलीय. त्या टायरवाल्या मिशेलिन कंपनीने १९२६ पासून हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली, आणि तिथेही तारा फक्त ताटातल्या जेवणाचा असतो, जागेच्या थाटामाटाचा त्यात हिशोब नाही. त्यांचं गाइड भारतात नाहीये पण ही वाटणी आपण खुशाल उचलावी. जेवणाचे मार्क वेगळे, वाढपाचे वेगळे, जागेचे वेगळे, आणि थाळीच्या हॉटेलात जेवणाला बाकी दोन्हींपेक्षा कितीतरी जास्त वजन. त्यांच्या निकषांमध्ये अजून एक आहे जो मला फार पटतो, तो म्हणजे सातत्य, कधीही जा, तीच चव पाहिजे.

आणि हे आपल्याकडे कुणी शिकवायची गरज नव्हती. मुंबईत गिरणगावातल्या खानावळी आठवा, कोकणातनं आणि घाटावरनं आलेले गिरणी कामगार, घर गावाला, जेवण एखाद्या बाईच्या खानावळीत, हिशोब महिन्याच्या पगारावर. याच खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, कारण सावकाराच्या व्याजात त्या पिचून जायच्या. तर या खानावळीचा मेंबर दिवसातनं दोनदा तिथेच जेवणार, म्हणजे मंगळवारी आमटी पातळ झाली की त्याला कळणार, बुधवारी मासळीचा तुकडा लहान झाला की कळणार, आणि पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या खानावळीत. याच्याइतका कडक परीक्षक तुम्हाला कुठल्या ॲपवर मिळायचा नाही. तुम्हाला मेंबर व्हायला सांगत नाही पण निदान दोनदा जा, एकदा आडवारी दुपारी आणि एकदा शनिवार-रविवारी रात्री, आणि दोन्ही वेळा एक पदार्थ तोच मागवा. आडवारी दुपारी किचनचा हात कळतो, रविवारी रात्री किचनची शिस्त कळते. पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास होणारी हॉटेलं ढिगाने आहेत, तुमचं हॉटेल बहुतेक त्यातलंच असणार, आणि अशा ठिकाणी पाहुणे घेऊन रविवारी जाऊ नये एवढंच, आडवारी जावं की.

आत बसलात की आधी मेन्यूकार्डाची जाडी बघा. थाळीच्या हॉटेलात सुरमई, पापलेट, मटण, चिकन, अंडं, एखादी शाकाहारी थाळी आणि वर आठ-दहा सुटे पदार्थ, बास झालं. त्याच कार्डावर पनीर टिक्का, हक्का नूडल्स, बिर्याणीचे सतरा प्रकार आणि शेवटच्या पानावर सिझलर असेल तर समजायचं की आत डीप फ्रीझर मोठा आहे. यात फसवणूक वगैरे काही नाही, धंद्याचं गणित आहे, साधारण फॅमिली रेस्टॉरंटमध्ये लाल, पिवळी आणि काजू-मगजाची पांढरी अशा दोन-तीन ग्रेव्ह्या सकाळी काढून ठेवतात आणि त्यातनंच कढाई, कोल्हापुरी, मखनी, शाही सगळं निघतं. व्हेज कोल्हापुरी नावाची जी लाल भाजी मिळते तिचा कोल्हापूरशी संबंध नावापुरताच. पण थाळीच्या हॉटेलात जेव्हा मालवणी आणि कोल्हापुरी दोन्ही मिळतं तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा स्वतःला, की दोन्ही रश्शांचं वाटण वेगळं लागतंय का. मालवणी वाटणात भाजलेलं खोबरं, धणे, बडीशेप, त्रिफळं असला तिखटापेक्षा वासाकडे झुकणारा मसाला, आणि कोल्हापुरीत कांदा-लसूण मसाला पुढे. दोन्ही वाट्यांचा वास डोळे मिटून सारखाच आला तर एकाच टोपातलं दोन वाट्यांत गेलंय.

आता मासे, कारण पैसा खरा तिथे जातो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीला बंदी असते. म्हणजे जुलैच्या मध्यावर कुणी छाती ठोकून 'ताजं पापलेट, सकाळीच आलंय' म्हणाला तर हसून सोडून द्या, ते बर्फातलं किंवा लांबनं आलेलं असणार. बर्फातलं म्हणजे वाईटच असं मुळीच नाही, नीट गोठवून नीट ठेवलेली सुरमई चार दिवस टोपलीत फिरलेल्या 'ताज्या' सुरमईपेक्षा चांगली लागते. फरक सांगण्यात आहे. चांगला हॉटेलवाला पावसाळ्यात स्वतःच सांगतो की साहेब पापलेट फ्रोझन आहे, खाडीची बोय किंवा चिंबोऱ्या आल्यात त्या घ्या, नाहीतर सुकटीचं कालवण-भाकरी घ्या. जूनमध्ये ज्याच्या फळ्यावर सुका बोंबील, जवळा, सोडे दिसतात त्याच्याकडे मी डोळे झाकून बसतो. आणि पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, एवढा मान दिलाय तर तळहाताएवढं पिल्लू 'पापलेट थाळी' म्हणून लावणाऱ्याकडे परत जाऊ नये, ते पोट भरायलाही पुरत नाही आणि दर्यातलं उद्याचं पापलेटही संपतं.

ताटात तळलेली सुरमई आली की घाई करू नका. आधी वेळ आठवा. तव्यावर रवा किंवा तांदळाचं पीठ लावून तुकडी नीट भाजायला आठ-दहा मिनिटं लागतातच, ऑर्डर दिल्यावर तीन मिनिटांत आली तर ती आधी अर्धी तळून ठेवलेली होती आणि आता फक्त गरम केलीय, असला रवा वरनं कुरकुरीत आणि आतनं पिठूळ ओला लागतो. मग मधल्या काट्याजवळ बोटाने हलकेच दाबा. ताज्या सुरमईचं मांस काट्यापासून मोठमोठ्या पाकळ्यांत सुटतं, पाकळी ओलसर, थोडी चकाकणारी. वितळवून पुन्हा गोठवलेली असेल तर ती कापसासारखी दोरेदार होते, पहिल्या घासाला पाणी सुटतं आणि दुसऱ्या घासाला कोरडी. काट्याला चिकटलेला भाग लालसर असेल आणि मांस सुटत नसेल तर तुकडी कच्ची राहिलीय, बिनधास्त परत पाठवा. अजून एक, हे जरा कमी लोकांना माहीत असतं. बांगडा किंवा सुरमई खाताना मसाला सोडून जिभेला वेगळीच चरचर, मिरपूड टोचल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. हे मासे उकाड्यात पडून राहिले की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून, तळून, वर लिंबू पिळून कशानेही जात नाही, मग थोड्या वेळाने तोंड लाल, अंगावर पित्त, डोकं भणभणणं. पुष्कळ जण याला 'मला माशाची ॲलर्जी आहे' म्हणून आयुष्यभर मासे सोडतात.

सोलकढीला मी फार मान देतो, कारण बिलात तिची किंमत नगण्य असते आणि काटकसर पहिली तिच्यावरच होते. ओल्या नारळाचं दूध काढून आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घालून केलेली सोलकढी जरा वेळ टेबलावर राहिली की तिचे थर सुटतात, वर दाटसर दूध आणि खाली गुलाबी पाणी, चमच्याने ढवळली की परत एक. रंगही फिका, जरा जांभळट. जी अर्धा तास ठेवली तरी एकसारखी झगझगीत गुलाबी राहते आणि पहिल्या घोटाला गोड लागते त्यात पावडरचं दूध आणि कोकम सरबताचं सिरप आहे. आणि दुपारी केलेली रात्री साडेनऊला पिऊ नका, नारळाचं दूध नासायला वेळ लागत नाही, कडसर तेलकट वास आला की ठेवून द्या. थाळीचं हॉटेल पाच मिनिटांत पारखायचं असेल तर मी म्हणेन फक्त सोलकढी आणि भाकरी मागवा.

भाकरीचं म्हणजे, ती एकेक करून येतेय की पाचच्या पाच एकदम आल्या एवढं बघा. एकदम आल्या म्हणजे डब्यात रचून ठेवलेल्या. तव्यावरनं उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटलेला असतो, मोडली की आतनं वाफ येते, तांदळाची असेल तर गार होईपर्यंत तरी मऊ राहते, ज्वारीची मात्र थांबली की वातड होते म्हणून तिला थांबवायचंच नसतं. पहिली भाकरी सगळेच गरम देतात, दुसरी बघा. दुसऱ्या भाकरीला किती वेळ लागला, ती पहिलीसारखीच आली का, भाकरीवाली मावशी एकटीच आहे की जोडीला कुणी आहे, रविवारचा गोंधळ इथेच सगळ्यात आधी उघडा पडतो. भाताचं पटकन सांगतो, रश्शाबरोबर मोकळा सुटा कोलम चालतो, पण एवढ्या किमतीत इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घातला तर मालकाला जेवणाची जाण आहे असं मी धरतो.

पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, जिऱ्या-मिऱ्याची फोडणी. पिऊन झाल्यावर ओठ एकमेकांना किंचित चिकटले पाहिजेत, हाडांतला चिकटपणा उतरलाय याची ती खूण. दाट आहे पण ओठ कोरडेच राहिले आणि तोंडात पिठाची साय राहिली तर अळणी कमी आणि कॉर्नफ्लॉवर जास्त आहे. तांबड्याचं तिखट वेगळं आणि रंग वेगळा. रंग ब्याडगीसारख्या मिरचीचा असतो आणि मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, त्यामुळे तर्री लालभडक आणि खालचा रस्सा तपकिरीकडे झुकणारा असं दिसायला पाहिजे. टिश्यू पेपरवर एक थेंब टाकून बघा, तेलाचा डाग नारिंगी पसरतो. पण पाण्याचा ओला भागसुद्धा गुलाबी-लाल पसरत गेला, आणि हात धुताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी वाहायला लागलं, तर आत खाण्याचा रंग पडलाय. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यातल्या कृत्रिम रंगावर बंदी आणली तेव्हा आपल्याकडे लोक हसले, पण आपल्याच तंदुरी आणि चिली चिकनचा रंग काय आभाळातनं पडतो का. मटणाचा तुकडा हाडावरनं सुटावा पण चमच्यात घेताना विरघळू नये, पार चोथा झालेला तुकडा म्हणजे सकाळचं मटण रात्री तिसऱ्यांदा उकळलंय.

तेलाबद्दल एकच, तळणीचं तेल किती वापरायचं याला कायदा आहे, त्यातले खराब झालेले घटक ज्याला टीपीसी म्हणतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल फेकावं लागतं. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं पण नाक असतं. कोथिंबीर वडी किंवा बोंबील फ्राय खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर बसला आणि पाणी पिऊनही जाईना, तर तेल जुनं आहे.

सर्व्हिसचं बोलायचं तर लोक 'वेटर हसला का, साहेब म्हणाला का' असलं बघतात. मी एक प्रश्न विचारतो, 'दादा, आज काय चांगलंय?' यावर 'सगळंच चांगलंय साहेब' असं आलं तर त्या पोराला एकतर मालकाने चव दिलेली नाही किंवा बोलायची मुभा दिलेली नाही, दोन्ही वाईट. 'बांगडा घ्या, सुरमई आज जरा पातळ कापलीय' असं म्हणणारा भेटला की त्याच्या टेबलावर परत बसायचं. थाळीत सर्व्हिसचा खरा अर्थ वाढप. वाटी संपायच्या आत वाढप्याची नजर पडली पाहिजे, मागायला लागलं की अर्धे मार्क गेले, आणि न विचारता भरत सुटला तरी अर्धे गेले, कारण अन्न वाया जातं. गुजराती-राजस्थानी थाळीच्या काही ठिकाणी वाढपी एकमेकांना लांबनं हाताच्या खुणा करून सांगतात की या टेबलाला आमरस हवाय, त्या टेबलाला फुलका, कुणी ओरडत नाही, ते बघत बसायला मला जेवणाइतकंच आवडतं.

पण सर्व्हिसची परीक्षा काहीतरी बिघडल्यावरच होते. कोल्हापुरात एका साध्या खानावळीत जेवत होतो, शेजारच्या टेबलावरच्या आजी म्हणाल्या पांढरा खारट झालाय बाळा. पोरगा एक शब्द न बोलता वाटी उचलून आत गेला, दोन मिनिटांत वस्ताद आचारी स्वतः बाहेर, हात पुसत, 'आजी, मीठ दोनदा पडलंय बघा, दुसरं लावलंय, तोवर तांबडा घ्या', आणि मग आम्ही कुणी काही बोललो नव्हतो तरी सगळ्या टेबलांवरच्या पांढऱ्याच्या वाट्या उचलल्या गेल्या. याच्या उलट महागड्या ठिकाणी काय होतं, कॅप्टन येतो, हात मागे बांधतो, 'सर आमच्याकडे असंच असतं, सगळ्यांना आवडतं' म्हणतो आणि शेवटी उपकार केल्यासारखी फुकट आइस्क्रीम आणून ठेवतो. आइस्क्रीम नको, वाटी बदला. अजून एक छोटी गोष्ट मी बघतो, मॅनेजर गिऱ्हाइकांसमोर पोरांशी कसा बोलतो. जो चारचौघांत वाढप्याला आई-माईवरनं बोलतो त्याच्याकडे माणसं टिकत नाहीत, आणि माणसं टिकली नाहीत की दर दोन महिन्यांनी चव बदलते, इतका सरळ संबंध आहे तो.

एक मात्र हॉटेलवाल्याच्या बाजूने सांगतो. थाळीचं हॉटेल टेबल फिरण्यावर जगतं, एक टेबल पाऊण तासात रिकामं झालं तर गणित बसतं. त्यामुळे रविवारी तुमचं जेवून झाल्यावर कुणी येऊन 'अजून काही?' विचारलं तर तो अपमान नाही. तोंडात घास असताना बिल आपटलं तर मात्र आहे. आणि बाहेर वेटिंगला नाव लिहिताना किती वेळ लागेल ते खरं सांगतात का बघा, 'बस दहा मिनिटं' म्हणून पन्नास मिनिटं उभं करणारा आतमध्येही तेच करतो.

वातावरणाबद्दल माझी मतं जरा जुनाट आहेत. भिंतीवर वारली चित्रं, दाराशी बैलगाडीचं चाक, वाढप्यांना फेटे आणि 'पाव्हणं' म्हणून हाक, याचं मला काही पडलेलं नाही, उलट सजावटीवर फार खर्च दिसला की भाडं आणि सजावट मिळून माझ्या सुरमईच्या तुकडीतनं किती कापलं असेल याचा हिशोब डोक्यात सुरू होतो. साधारण धंदा असा असतो की शंभर रुपयांच्या थाळीत तीस-पस्तीसचा माल असतो, बाकी पगार, भाडं, गॅस, वीज आणि उरलं तर नफा. माझ्या मते वातावरण म्हणजे दार उघडल्यावर येणारा पहिला वास. मसाल्याचा, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला तर उत्तम, जळक्या तेलाचा ठसका आणि डोळे चुरचुरले तर एक्झॉस्ट नीट ओढत नाहीये आणि घरी जाताना शर्टाला तोच वास असणार. दुसरं, उजेड. इतका पिवळा अंधुक उजेड की माशाचा काटा दिसत नाही, ही कसली रोमँटिक भानगड, मासे खायच्या ठिकाणी लख्ख उजेड पाहिजे. तिसरं, आवाज, समोरच्याशी बोलताना ओरडावं लागलं की म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात, सगळीकडे टाइल्स आणि काच असलं की असं होतं. आणि हात धुवायची जागा. मासे-मटण हाताने खायचं असतं, तर बेसिनवर साबण आहे का, खाली चिखल झालाय का, नॅपकीन ओला लोंबतोय का. मॉलमध्ये टॉयलेट मॉलचं असतं त्याला हॉटेलवाला काय करणार, पण बेसिन त्याचं स्वतःचं असतं.

आता त्या रेटिंगबद्दल. 'रिव्ह्यू टाका, सोलकढी फ्री' असले बोर्ड मी माझ्याच गिऱ्हाइकांच्या हॉटेलांतनं उतरवायला लावलेत, पण सगळे उतरवत नाहीत, त्यामुळे साडेचार हा आकडा बघून काहीच कळत नाही. बीआयएसने, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० नावाचं मानक काढलं, पण ते पाळणं ऐच्छिक आहे. मी काय करतो, नव्यातले नवे रिव्ह्यू आधी लावतो, पाच आणि एक स्टारवाले सोडून तीन स्टारवाले वाचतो, कारण तीन स्टार देणारा माणूस राग उतरवायला किंवा फुकटची सोलकढी प्यायला आलेला नसतो, तो पदार्थाचं नाव घेऊन बोलतो. मग गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो, दोन वर्षांपूर्वीच्या थाळीतली तुकडी आणि गेल्या महिन्यातली तुकडी शेजारी ठेवून बघा, सगळं कळतं. झोमॅटो-स्विगीवरचं डिलिव्हरीचं रेटिंग वेगळं धरा, त्यात पॅकिंग आणि वेळ जास्त बोलतो, गरम भाकरीला तिथे जागाच नाही.

बिल आलं की घाईत कार्ड पुढे करू नका. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, अडीच-अडीच अशा दोन ओळींत, आणि ज्या हॉटेलात राहायच्या खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असतं तिथे १८. कंपोझिशनवाला, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणारा छोटा हॉटेलवाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही, त्याने लावला असेल तर विचारा. १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, बिलावर असणं २०२२ पासून बंधनकारक आहे, नसेल तर मला त्या किचनची काळजी वाटते. सर्व्हिस चार्जचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, हॉटेल संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. शांतपणे 'हा काढून द्या' म्हणायचं, नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन. बाटलीबंद पाण्यावर मात्र भांडू नका, हॉटेलात बसून पिताना एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय, त्यापेक्षा बसल्याबसल्या साधं पाणी मागा. आणि कार्डावर पापलेटपुढे 'मार्केट रेट' लिहिलं असेल तर तो रेट ऑर्डर द्यायच्या आधी विचारायचा, लाजायचं काही कारण नाही, पाच जणांचं बिल तीन हजाराच्या वर जातं ते बरेचदा याच एका ओळीमुळे.

टीप द्यायची असेल तर रोख आणि ज्याने वाढलं त्याच्या हातात द्या. यूपीआयने बिलात मिसळून दिलेली टीप गल्ल्यात जाते आणि तिथनं पुढे किती आणि कधी सरकते हे प्रत्येक मालकागणिक वेगळं असतं.